खोक्यावरचं नाव

आमच्या बिल्डिंगमधून सुट्टीला निघालेल्या माणसाचं सामान निकमवहिनींच्या हाताखालून गेल्याशिवाय लिफ्टमध्ये शिरत नसे. आखातातल्या अल नहदामधली ही आमची बावीस मजली इमारत. निम्मी मल्याळी, पाव पाकिस्तानी आणि उरलेल्यात आम्ही सात-आठ मराठी घरं. खोके मात्र सगळ्यांचेच असतात. दूध पावडर, ब्लँकेटं, साबण, पोरांचे आखूड झालेले कपडे सगळं खोक्यात कोंबायचं, टेप मारायची, दोरी आवळायची आणि चारी बाजूंनी मार्करने नाव-गाव लिहायचं. विमानतळाच्या पट्ट्यावर सारखे दिसणारे चाळीस खोके फिरत असतात, त्यातला आपला लांबून ओळखू आला पाहिजे. हे नाव लिहायचं काम वहिनींचं.

त्या पट्टी, पेन्सिल आणि मार्कर घेऊन यायच्या. जमिनीवर मांडी घालायच्या. आधी पेन्सिलीनं दोन बारीक समांतर रेघा, मग त्यात पेन्सिलीनंच अक्षरं, मग लांबून एक डोळा मिटून बघणं, आणि मगच मार्कर. खाली टॅक्सीवाला हॉर्न देत असे, घरातला पुरुष "यल्ला वहिनी, यल्ला, चेक-इन बंद होईल" म्हणून नाचत असे. वहिनी मान वर न करता म्हणायच्या, "आधी पेन्सिलीनं." चौदाव्या मजल्यावरच्या कुरियनचा खोका कोचीला कस्टमवाल्याने अडवला होता. एवढ्या सुबक अक्षरात लिहिलंय म्हणजे कंपनीचा माल असणार, असं त्याचं म्हणणं. माझी मुलगी तर एकदा त्यांच्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "आंटी, युअर हँडरायटिंग इज अ फॉन्ट!" वहिनी म्हणाल्या, "फॉन्ट नाही गं बाळा. सवय आहे."

ही सवय कुठली, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. एका क्लिनिकमध्ये इन्शुरन्सच्या डेस्कवर बसते आणि दिवसभर लोकांचे क्लेम नाकारले का गेले ते त्यांना गोड आवाजात सांगते. शेजारणीशी बोलायचं त्राण संध्याकाळी उरत नाही. पहिलं वर्ष-दीड वर्ष तर मी त्यांना 'फार टापटिपीच्या बाई' एवढंच समजत होते. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर पांढऱ्या पट्टीवर नाव. मुगडाळ, मटकी, गूळ चिक्कीचा, गूळ साधा. सगळी अक्षरं एका उंचीची. मला ते बघून उगीचच माझ्या घरची लाज वाटायची आणि मग थोडा रागही यायचा.

एकदा हळदीकुंकवाला गेले होते. फ्रिजवर वाणसामानाची यादी लावलेली. यादीच्या खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट, तिचे तीन भाग. काढलं, तपासलं, मंजूर. पहिल्या दोन खणांत 'म. नि.' आणि तिसऱ्यात निकमभाऊजींची खरीखुरी सही. मी हसायला लागले. वहिनीही हसल्या. म्हणाल्या, "अगं, मी ड्राफ्ट्समन होते. आयटीआय केलं साताऱ्यात, मग भोसरीला पंपांच्या कारखान्यात अकरा वर्षं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ही चौकट काढल्याशिवाय हात थांबतच नाही माझा."

"ड्राफ्ट्सवूमन म्हणा की."

"तशी पद्धत नव्हती. सतरा जणांत मी एक. पगारपत्रकावर ड्राफ्ट्समनच होते."

तिसऱ्या खणातली सही मात्र गमतीची नव्हती. निकमभाऊजी जबल अलीला एका कंपनीत पर्चेसमध्ये आहेत आणि घरीही ते पर्चेसमध्येच असत. मिक्सर घ्यायचा तर तीन कोटेशन. पडदे घ्यायचे तर तीन कोटेशन. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. दारू नाही, आवाज चढवणं नाही, सुट्टीच्या दिवशी मासळी स्वतः निवडून आणणार, माझा नवरा तीन महिने बिनपगारी होता तेव्हा न विचारता पाच हजार दिरहम आणून देणार. पण कुठलीही वस्तू आधी दिरहममध्ये, मग मोठ्याने रुपयांत सांगितल्याशिवाय त्यांच्या खिशातून पैसा सुटत नसे. "चाळीस दिरहमची चप्पल? म्हणजे नऊशे रुपये झाले की, मधू." मधू चप्पल परत ठेवायची. वहिनींच्या व्हिसावर नवऱ्याचं नाव स्पॉन्सर म्हणून होतं, बँकेतलं कार्ड नवऱ्याच्या खात्याचं होतं, आणि मोबाइलचं बिलही त्यांच्याच नावाने यायचं. आपल्याकडे अशी हजारो घरं आहेत. मीही नोकरी सुटली त्या वर्षी अशीच होते, म्हणून ते मला तेव्हा खटकलंही नाही.

वहिनींचं नाव मधुरा, हेही मी तसंच धरून चालले होते. ते नाव त्यांचं नव्हतं. माहेरच्या त्या शकुंतला. शकुंतला गणपत शेलार. लग्न ठरलं तेव्हा अडचण अशी निघाली की सासूचंही नाव शकुंतला. आता नवऱ्याने आईच्या नावाने बायकोला हाक कशी मारायची? मग नणंदेने नाव काढलं, मधुरा. लग्नात भाऊजींनी ताटातल्या तांदळात अंगठीने ते लिहिलं. वहिनी समोर बसल्या होत्या, म्हणजे त्यांना ते उलटं दिसत होतं. "तरी मला कळलं, ओळ चुकलीय," त्या मला सांगत होत्या. "म मोठा काढला आणि रा ला जागाच उरली नाही. काना ताटाच्या काठावर चढला. मला असं झालं होतं की पट्टी द्या, मीच लिहिते." नोकरीचा राजीनामा त्याच्या आठच दिवस आधी दिला होता. तोही म्हणे पेन्सिलीच्या रेघा मारून लिहिला. नवरा आखातात, मग बायको भोसरीला राहून काय करणार.

सासूबाई एकदा इथे तीन महिने राहून गेल्या. तेव्हाची गोष्ट. मी त्यांच्याकडे कढीलिंब मागायला गेले होते. फोन स्पीकरवर होता आणि कराडहून कुणी चुलतसासरे ओरडून विचारत होते, "काय शकुंतला, बरी हायेस का?" ओट्याजवळून वहिनींच्या तोंडून निघून गेलं, "बरी आहे की!" लग्नाला सतरा-अठरा वर्षं झालेली बाई. मग सासूबाई पदर तोंडाला लावून पोट धरून हसल्या. "अगं, तुला नव्हं, मला इचारतोय तो!"

वहिनी लाजून पोळ्या लाटायला लागल्या. फोन संपल्यावर म्हातारी माझ्यासमोरच ओट्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "माझ्यापायी तुझं नाव गेलं बघ. आन् गंमत सांगू का? हे माझंबी न्हाई. मी माहेरची चंद्रभागा. ह्यांच्या घरी आले आन् शकुंतला झाले. आमच्या अनिलला ठावं न्हाई ते." अनिल म्हणजे निकमभाऊजी. दोघी कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या, एक लाटणं धरून, एक ओट्याला टेकून. मी कढीलिंब न घेताच परत आले. पुढच्या वर्षी सासूबाई गेल्या.

त्याआधी वहिनींचे वडील गेले होते. ते मला त्यांनी कधी नीट बसून सांगितलं नाही, तुकड्यातुकड्यांनी कळलं. सकाळी भावाचा फोन आला. भाऊजींनी लॅपटॉप उघडला, नेहमीप्रमाणे तीन भाडी काढली. दुपारचं थेट विमान होतं. दुसऱ्या दिवशी सकाळचं, वाटेत थांबून जाणारं, साडेतीनशे दिरहमने स्वस्त. "म्हणजे जवळजवळ सात हजार रुपये. आणि थांबतील की गं तुझ्यासाठी," भाऊजी म्हणाले. ते सासऱ्यांसाठी रडले होते, तेही वहिनींनीच सांगितलं. मे महिना होता. साताऱ्याच्या लोकांनी संध्याकाळपर्यंत वाट बघितली आणि उरकून घेतलं. वहिनी पोचल्या तेव्हा वडिलांचा चष्मा खिडकीत होता.

"तुम्ही म्हणाला नाहीत का, दुपारचंच हवंय म्हणून?" मी चिडून विचारलं.

"ते म्हणाले उद्याचं काढतो. मी म्हटलं, बरं."

त्या 'बरं'चा राग त्यांना नवऱ्यापेक्षा स्वतःचा जास्त होता. आई अजून साताऱ्याला होती, चौऱ्याऐंशीची. वहिनी एवढंच म्हणायच्या, "आईच्या वेळी मला तिकिटाला विचारायचं नाहीये." मला वाटतं, गेल्या काही वर्षांत त्यांना दुसरं काही हवंच नव्हतं.

पीएफची गोष्ट इथून सुरू होते. कारखान्यातल्या जुन्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की माझा जुना पीएफ मिळाला, तुम्हीही काढा. वहिनी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या, हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक पिवळी पडलेली स्लिप. त्यावर अकरा वर्षांचे पैसे आणि नाव शकुंतला गणपत शेलार. व्याज धरून आता किती होतील याचा मी अंदाज काढला. निकमभाऊजी असते तर दिरहम सांगितले असते. वहिनींनी कागदावर वेगळाच भागाकार केला आणि म्हणाल्या, "सहा तिकिटं होतील गं. थेट. जायची-यायची."

मी दिवसभर हेच काम करते, मला काय अवघड, अशा थाटात मी लॅपटॉप उघडला. नंबर टाकला, आधार टाकलं, ओटीपी पाठवला. आणि दोघी वाट बघत बसलो. ओटीपी कुठे जातोय याचा विचारच केला नव्हता. तो जबल अलीला निकमभाऊजींच्या खिशात वाजला. आधारला जोडलेला भारतातला नंबर त्यांचाच होता. वहिनींनी फोन लावला.

"अहो, एक नंबर आलाय बघा, तेवढा सांगा."

"कशाचा? फ्रॉड असेल, देऊ नको कुणाला."

"फ्रॉड नाही. माझ्या पीएफचा आहे."

मग भाऊजी अगदी खऱ्या आश्चर्याने म्हणाले, "तुझा पीएफ आहे?" बायको अकरा वर्षं नोकरी करत होती हे ते विसरून गेले होते. आठवल्यावर त्यांनी नंबर सांगितला, पण तोवर मुदत संपली होती. तीनदा असं झालं. चौथ्यांदा जमलं आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली, नाव जुळत नाही.

जुळणार कसं? एका बाजूला शकुंतला गणपत शेलार, दुसऱ्या बाजूला मधुरा अनिल निकम. अनेकांचं एखादं अक्षर चुकलेलं असतं, बापाच्या नावात एच जास्त असतो. इथे तीनही शब्द वेगळे. मी रोज लोकांचे क्लेम परत पाठवते, पण असा मीसुद्धा पाहिला नव्हता. एकीचा पीएफ मागायला दुसरीच कुणी बाई आली आहे, असंच ते दिसत होतं.

भाऊजी त्या संध्याकाळी उत्साहाने घरी आले. रुसले वगैरे नाहीत. "मला आधी सांगायचं ना, मी फॉलोअप केला असता." फाइल केली, तिच्यावर लिहिलं 'मधू पीएफ', आणि म्हणाले, आले की आपल्या जॉइंट अकाउंटला टाकू. वहिनींनी गेल्या सुट्टीत साताऱ्यात स्वतःच्या एकटीच्या नावाने खातं उघडलं होतं. ते भाऊजींना माहीत नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "बघू. आधी पेन्सिलीनं."

मग कारखान्याला फोन. तो माझ्याच डायनिंग टेबलवरून लावला, कारण मला त्या दिवशी सुट्टी होती. एचआरमधली मुलगी तरुण होती, आवाजावरून माझ्यासारखीच दमलेली.

"मॅम, आमच्या रेकॉर्डला मधुरा निकम कुणी नाहीये."

"बरोबर आहे. शकुंतला शेलार बघा."

"हां, शकुंतला शेलार आहेत. मग मॅम, त्यांना फोन करायला सांगा ना."

"मीच ती."

"पण तुम्ही आत्ता मधुरा म्हणालात."

वहिनींनी फोन कानापासून दूर धरला आणि माझ्याकडे बघितलं. मला हसू येत होतं आणि मी ते दाबत होते, कारण त्यांना येत नव्हतं. मग त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. लग्न, सासू, नणंद, तांदूळ. मुलगी चांगली होती, ऐकून घेतलं. मध्येच म्हणाली, "मॅम, अजून एक प्रॉब्लेम आहे. तुमची एक्झिट डेट टाकलेलीच नाहीये. म्हणजे सिस्टिमप्रमाणे शकुंतला शेलारने जॉब सोडलेलाच नाही."

हे ऐकून मात्र वहिनींचा चेहरा असा काही उजळला की मी थक्क झाले. फोन ठेवल्यावर त्या दिवसभर तेच म्हणत होत्या. "मंजिरी, ती अजून ड्रॉइंग बोर्डावरच बसलीय गं. मी इथे वीस वर्षं पोळ्या लाटतेय आणि ती तिकडे खिडकीजवळ पंपाचं सेक्शन काढतेय." त्यांनी मला खिडकीही सांगितली. डावीकडे निंबाचं झाड, उजवीकडे प्रिंटची खोली, अमोनियाचा वास. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या फोनला मुलीने उपाय सांगितला. राजीनाम्याची तारीख जुन्या फाइलमधून शोधून टाकते. लग्नाचा दाखला पाठवा. पण दाखल्यावर माहेरचंच नाव आहे, मधुरा कुठेच नाही, तेव्हा दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं शासनाच्या राजपत्रात छापून आणा. "मग आम्ही तुमचं नाव करेक्ट करून टाकू."

"करेक्ट म्हणजे?"

"म्हणजे शकुंतला शेलार काढून टाकायचं आणि त्या जागी मधुरा निकम."

"काढून टाकायचं?"

"हो मॅम, त्याशिवाय क्लेम पुढे जाणार नाही."

वहिनींनी फोन ठेवला. शाळेचा दाखला कुठल्यातरी ट्रंकेत, जुनं घर विकलेलं, शिक्षक वारलेले, शकू म्हणून हाक मारणारे वडील गेलेले. शकुंतला शेलार म्हणून जिवंत असलेली ती एकच जागा उरली होती, आणि पैसे हवे असतील तर ती स्वतःच्या सहीने खोडायची होती. मला तेव्हा त्यातलं काही समजलं नाही. मी म्हटलं, "वहिनी, नाव काय करायचंय, सहा तिकिटं मिळतायत ना?" आजही ते वाक्य आठवलं की माझी मलाच चीड येते.

राजपत्राचा अर्ज त्यांनी एका शनिवारी दुपारी माझ्याकडे बसून भरला. भाऊजी मासळी आणायला गेले होते. आधी कागदावर पेन्सिलीनं, मग एका बोटाने लॅपटॉपवर. मी गॅसपाशी होते. त्यांनी हाक मारली, "मंजिरी, एकदा तपास." मी ओले हात मागे धरून वाकले, दोन्ही नावांचं स्पेलिंग पाहिलं. "परफेक्ट," म्हटलं आणि परत कढईकडे गेले. म्हणजे त्यांच्या त्या चौकटीत दुसऱ्या खणात माझंच नाव पडलं.

पुढे काही आठवड्यांनी छापील पान आलं. ते पहिल्यांदा भाऊजींनी वाचलं आणि तसेच ते मोबाइल घेऊन आमच्या दारात आले, मागे वहिनी.

"मंजिरी, हे तू चेक केलं होतंस ना? सगळं उलटं छापलंय. जुनं नाव मधुरा अनिल निकम. नवीन नाव शकुंतला गणपत शेलार. आणि कारण बघ, 'स्वेच्छेने'. विवाहामुळे लिहायचं ना! आता शुद्धिपत्रक काढावं लागणार."

मी सॉरी म्हणणार इतक्यात वहिनी म्हणाल्या, "तिची चूक नाही."

"मग छापणाऱ्यांची?"

"त्यांचीही नाही."

भाऊजी त्यांच्याकडे बघत राहिले. अकरा वर्षांत जिच्या एकाही ड्रॉइंगमध्ये डावं-उजवं चुकलं नाही, ती बाई दोन चौकटींत गोंधळेल का, हे त्यांना आणि मला एकदमच सुचलं असावं.

"अगं पण तुझा पासपोर्ट? एमिरेट्स आयडी? माझ्या व्हिसावर तू मधुरा आहेस."

"असू दे की," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "तिला राहू दे व्हिसावर."

भाऊजींना राग आला नव्हता. ते घाबरले होते. दोन नावांच्या बायकोला पुढच्या वर्षी स्पॉन्सर कसं करायचं, व्हिसाचे अर्ज भरून देणारा टायपिंग सेंटरवाला काय म्हणेल, विमानतळावर अडवलं तर? ही भीती इथे राहणाऱ्या कुणालाही समजेल, कागदावर एक अक्षर हललं की आपण इथे कुणीच नसतो. आठवडाभर त्या घरातून फक्त भांड्यांचे आवाज येत होते. वहिनी आमच्याकडे आल्या की खुर्चीच्या कडेला बसायच्या आणि लगेच उठायच्या. एकदा मला म्हणाल्या, "करून बसले, आता जायचं कुठे गं?"

भोसरीच्या मुलीला मात्र काही फरक पडला नाही. तिने पान बघितलं, दोन्ही नावं एका जागी आहेत एवढं पाहिलं आणि "चालेल मॅम" म्हणाली. जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे कुणी विचारलंच नाही. तिने तिच्या रेकॉर्डमधून शकुंतला काढली, मधुरा टाकली, सोडल्याची तारीख भरली. पैसे साताऱ्याच्या खात्यात जमा झाले. वहिनींनी मला मेसेज दाखवला आणि म्हणाल्या, "उठली गं ती बोर्डावरून." डोळे भरले होते. मीही रडले, कशासाठी ते आता नीट सांगता येणार नाही.

आज वहिनींना इथून निघून पाच महिने होऊन गेले. वहिनी साताऱ्याला आहेत. सहा महिने बाहेर राहिलं की इथला व्हिसा आपोआप जातो, हे भाऊजींना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ते स्वयंपाक शिकलेत. डब्यांवरची नावं वाचून वाचून करतात. दर शुक्रवारी दार वाजवून मला विचारतात, "काही बोलली का?" मी सांगते, आई आता आधार घेऊन चार पावलं टाकतात म्हणाल्या. येण्याबद्दल विचारलंस का, असं ते विचारत नाहीत आणि मीही विचारलेलं नाही.

मला त्या दिसतात त्या शेवटच्या दिवशीच्या. शनिवार होता, सकाळी भावाचा फोन आला की आई मोरीत पडली, कमरेचं हाड मोडलं. भाऊजी घरीच होते. त्यांनी सवयीने लॅपटॉप ओढला. "थांब, फेअर बघतो."

"काढलं," वहिनी म्हणाल्या.

"काय काढलं?"

"तिकीट. दुपारचं, थेट."

मी गेले तेव्हा खोका टेप मारून तयार होता. आईसाठी मऊ ब्लँकेट, दूध पावडर, अंथरुणावर घालायची रबरी चादर. वहिनी जमिनीवर बसून मार्करने नाव लिहीत होत्या. पट्टी नव्हती, पेन्सिलीच्या रेघा नव्हत्या, आणि दोन अक्षरं चक्क वाकडी गेली होती. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्यांचं वाकडं अक्षर पाहिलं. मी "नीट जा, वहि..." म्हणाले आणि थांबले. मग म्हटलं, "नीट जा, ताई." त्यांनी वर बघितलं, मार्करचं टोपण लावलं आणि माझा हात घट्ट दाबला.

लिफ्टपाशी भाऊजी खोका घेऊन आले. तो खाली ठेवताना त्यांनी पहिल्यांदा त्यावरचं नाव वाचलं, ओठांतल्या ओठांत, एकेक शब्द. शकुंतला गणपत शेलार. मग हात तसाच खोक्यावर ठेवून ते म्हणाले, "अगं, हे आईचं नाव."

"तुमच्या आईचं नाव चंद्रभागा होतं," त्या म्हणाल्या. "हे माझं."

आणि त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं.